भिंतीवरच्या लोगोंचं काय घेऊन बसलास

प्रिय भाच्या,

तुझा मेसेज वाचला. कॉलेज कोल्हापुरात गावाच्या मधोमध आहे, बिल्डिंग काचेची आहे, आणि रिसेप्शनच्या मागं भिंतभर कंपन्यांचे लोगो लावलेत म्हणून तू लई खूश दिसतोयस. असू दे. पण कंपन्यांशी टायअप कॉलेजचं असतंय, तुझं नव्हं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मी शिकत होतो तेव्हा आमची पण इंडस्ट्रियल व्हिजिट झालेली, चाळीस पोरं बसमधनं एमआयडीसीत गेलो, फर्नेसपुढं फोटो काढले, सामोसा खाल्ला आणि रिपोर्ट मागच्या बॅचचा उतरवून काढला. मग नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कास्टिंगला, म्हणजे वाळूच्या साच्यात लोखंड ओतून केलेल्या भागाला, ब्लोहोल म्हणजे भोकं यायला लागली आणि मी आपला पुस्तक आठवत उभा. शेजारच्या म्हाताऱ्या मोल्डरनं, म्हणजे साचे करणाऱ्यानं, वाळूची मूठ घेतली, दाबली, उघडून बघितली आणि म्हणाला पाणी जास्त झालंय. लॅबचा मॉइश्चरचा रिपोर्ट त्यानंतर आला, तेच सांगत. ओल्या वाळूत गरम लोखंड पडलं की वाफ होते आणि तिला बाहेर पडायला जागा मिळाली नाही की भोक पडतंय, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं बरं का, चांगले मार्क पण पडलेले.

म्हणून सिनियर पोरांना गाठ आणि विचार, या लोगोवाल्या कंपन्यांत महिनाभर तरी खरंच कोण जाऊन राबलंय का, प्रोजेक्टचा प्रश्न कंपनीनं दिलेला असतो का सरच आणतात, लॅबमधल्या सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला, हात लावू देतात का लांबनंच दाखवतात. यूजीसीच्या हिशोबात इंटर्नशिपचा 1 क्रेडिट म्हणजे 30 तास, म्हणजे 4 क्रेडिटला 120 तास होतात, तेवढे तास नुसतं सर्टिफिकेटसाठी चहा पीत बसणारी पोरं मी आमच्याकडं रोज बघतोय.

आणि गावात मधोमध असल्याचा फायदा कॅन्टीन आणि राजारामपुरीतल्या मिसळीपुरताच घेऊ नको. शाहू महाराजांनी 1906 ला मिल काढली तेव्हापासनं आपल्या गावात कारखाना आणि वस्ती शेजारी शेजारी हाय, उद्यमनगरात तर लेथचा आवाज रस्त्यावरनंच येतोय. लेक्चर सुटलं की चालत जा. एखाद्या छोट्या वर्कशॉपच्या दारात उभा राहा, सुट्टीत मदत करू का विचार, दोन ठिकाणी हाकलतील, तिसऱ्या ठिकाणी झाडू देतील, तर तो घे. ड्रॉइंग वाचायला तिथं जसं येतंय तसं पीपीटीवर येत नाही, हे माझं मत, तुझ्या सरांना पटणार नाही कदाचित.

आणि इंग्लिश जमंल का म्हणून काळजी करत असशील तर करू नको, ते येतंय.

पुढच्या शनिवारी सकाळी आठला शिरोलीत आमच्या कारखान्याच्या गेटवर ये, आमचा तो मोल्डर आता रिटायर झालाय पण त्याचा पोरगा हाय, तो दाखवील वाळू. फक्त बूट घालून ये, चपलीवर सिक्युरिटी आत सोडत नाही, कोल्हापुरी असली तरी.

तुझा मामा