जालना-बीडकडच्या गावांतून संभाजीनगरला कॉलेजला आलेल्या ख्रिस्ती मुलांना विश्वासाचं समर्थन शिकवताना सुरुवात कुठून करावी?

येशूच्या पुनरुत्थानापासून, म्हणजे तो मेलेल्यांतून पुन्हा उठला यापासून करा, उत्क्रांतीच्या वादापासून नको. सगळा विश्वास त्यावरच उभा आहे असं प्रेषित पौल स्वतः करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथकर १५:१४) म्हणतो. पहिल्या बैठकीत त्याच अध्यायातली ३ ते ८ वचनं मोठ्यानं वाचा. पत्र साधारण इ.स. ५५ चं, म्हणजे वधस्तंभानंतर पंचवीसेक वर्षांतलं, आणि त्यात केफा (म्हणजे पेत्र), याकोब अशी उठलेल्या येशूला पाहिलेल्या साक्षीदारांची नावं आहेत. मग रोमी इतिहासकार टॅसिटस घ्या. तो ख्रिस्ती नव्हता, तरी रोमी सुभेदार पिलाताच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला मृत्युदंड झाल्याचं लिहितो. मात्र त्यातून फक्त मृत्यूला दुजोरा मिळतो, पुनरुत्थानाला नाही. हा फरक आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच प्रतिप्रश्नाला मुलं गडबडतात. दुसऱ्या बैठकीला होस्टेलवर हमखास येणारा प्रश्न: "सगळे देव एकच ना रे?" इथं बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा १७ वा अध्याय उपयोगी पडतो, अथेन्समध्ये पौल समोरच्यांच्याच कवीचं वचन घेऊन बोलतो.

एका तासाला एकच प्रश्न. शेवटची वीस मिनिटं जोड्या करा: एकानं शंका काढायची, दुसऱ्यानं दोन मिनिटांत घरच्या मराठीत उत्तर द्यायचं, पाठ केलेली इंग्रजी वाक्यं नकोत.

घरातल्या मृत्यूमुळं किंवा बापाच्या कर्जामुळं देवावर रागावलेल्या पोराला मात्र हे पुरावे देऊ नका. त्याचं आधी ऐकून घ्या.