खेड्यात ऑनलाइन फॉर्म भरायच्या कामाला उपयोगी पडतील अशा कीबोर्डच्या ट्रिक्स आणि स्वस्तातली गॅजेट्स कोणती?

भाऊ, तुम्ही विचारलं की गावात फॉर्म भरायचं सेंटर टाकतो आहे तर कीबोर्ड कोणता घेऊ अन् सोबत काय काय लागेल. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे हेच काम करतो म्हणून सांगतो, कीबोर्ड साधा वायरवाला घ्या, नंबरपॅड असलेला. लाइटा लागणारा गेमिंग कीबोर्ड कायले पाहिजे? आपल्या कामात टायपिंगच्या स्पीडनं फार काही होत नाही, तेच तेच पुन्हा टाइप करणं वाचलं की वेळ वाचतो.

जुलैत पीक विम्याची गर्दी होते तेव्हा पहा, गाव तेच, तालुका तोच, बँकेच्या शाखा दोन-तीनच, तरी पोट्टे दर शेतकऱ्याले सगळं पहिल्यापासून टाइप करत बसतात. विंडोजचं बटन दाबून व्ही दाबा, पहिल्या वेळी 'टर्न ऑन' विचारते ते करून टाका, मग तुम्ही कॉपी केलेल्या मागच्या 25 गोष्टी तिथं दिसतात. विंडोज 10 मध्ये 2018 च्या शेवटी हे आलं, पण अजूनही लय लोकांना माहीत नाही. जे रोज लागते ते पिन करा, कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी पिन केलेलं राहते, बाकीचं उडते. मी जवळच्या शाखांचे आयएफएससी कोड पिन करून ठेवले आहेत, कारण त्या 11 अक्षरांमधलं पाचवं नेहमी शून्य असते अन् घाईत माणूस तिथं ओ टाकते, मग फॉर्म परत.

पण एक सांगतो, त्याच लिस्टमध्ये लोकांचे आधार नंबर अन् खाते नंबर बी जमा होतात. संध्याकाळी 'क्लिअर ऑल' करायचं, पिन केलेलं त्यानं जात नाही. आणि सेटिंगमध्ये दुसऱ्या डिव्हाइससोबत सिंक करायचं ऑप्शन असते ते बंदच ठेवा.

काही साइटवर पेस्टच होत नाही, तिथं ऑटोहॉटकी नावाचं फुकट सॉफ्टवेअर कामी येते. त्यात दोन कोलन, मग तुमचा दोन-तीन अक्षरांचा शॉर्टकट, परत दोन कोलन आणि पुढे पूर्ण पत्ता असं लिहून फाईल चालू करायची, मग शॉर्टकट टाइप करून स्पेस दाबली की पूर्ण पत्ता आपोआप टाइप होते. साइटला वाटते माणूसच टाइप करून राहिला, म्हणून बहुतेक ठिकाणी चालते. मराठी मजकूर असेल तर फाईल सेव्ह करताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-8 निवडा, नाहीतर अक्षरांचा कचरा होते. एवढं नको वाटत असेल तर निदान अर्ज टाइप करायसाठी वर्डमधलं ऑटोकरेक्ट वापरा, तिथं बी असेच शॉर्टकट टाकता येतात.

मराठीसाठी वेगळं काही विकत घेऊ नका. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांची ठरलेली कीबोर्ड मांडणी, असतेच; सेटिंगमध्ये मराठी जोडून घ्या, मग विंडोज आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. उच्चारावरून टाइप करायची सवय असेल तर 2019 नंतरच्या विंडोज 10 मध्ये मराठी फोनेटिक बी आहे. इन्स्क्रिप्टमध्ये शेतकऱ्यांमधला 'ऱ्या' पुष्कळांना सापडत नाही: शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई. अन् ळ शिफ्ट-एनवर. जुनी टायपिंग शिकलेले लोक कृतिदेव नावाचा जुना फॉन्टच धरून बसतात, पण कृतिदेवमध्ये लिहिलेलं सरकारी साइटवर पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसते, कारण ते युनिकोड नाही, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखंच दिसणारं मराठी नाही.

लॅपटॉपचं एखादं बटन मेलं तर लगेच यवतमाळले पळू नका. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट आहे, त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये मेलेल्या बटनाचं काम उजव्या कंट्रोलला देऊन टाका. फक्त लॉगिनच्या स्क्रीनवर ते चालत नाही, म्हणून लॉगिनच्या पासवर्डमधलं अक्षर मेलं असेल तर पासवर्ड बदलून घ्या. इंटरनेटवर सगळे म्हणतात कॅप्सलॉकला दुसरं काम देऊन टाका, मी म्हणतो राहू द्या, आपल्या अर्ध्या फॉर्ममध्ये नाव कॅपिटलमध्येच लागते.

आणि 'कीबोर्ड खराब झाला, अक्षर उमटतच नाही' असं झालं तर आधी पहा की उजवा शिफ्ट बराच वेळ दाबून तर नाही ठेवला कोणी, 8 सेकंद दाबला की फिल्टर कीज चालू होतात, म्हणजे पटकन दाबलेली बटनं विंडोज सोडून देते. परत तेवढाच दाबून धरा, बंद होतात.

गॅजेटमध्ये पहिला नंबर राउटरच्या छोट्या यूपीएसचा, लाइट गेली तरी लॅपटॉप चालतो पण नेट जाते अन् भरत आलेला फॉर्म बी जाते. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट अन् किती अँपिअर लिहिलं आहे ते वाचून तेवढाच घ्या, बहुतेक 12 व्होल्ट असते पण 9 वाले बी आहेत. लॅपटॉपला नंबरपॅड नसेल तर यूएसबीचा वेगळा मिळते, 12 आकडी आधार टाकायला लय फरक पडते. कापसाच्या दिवसात बटनांच्या फटीत रुई अन् धूळ बसते, त्याला रंगाचा छोटा ब्रश पुरे.

बारकोड स्कॅनर आधारचा क्यूआर वाचायसाठी घेत असाल तर थांबा. साधा स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटते, जे वाचलं ते टाइप करून देते, पण आताच्या आधारच्या क्यूआरमधून नुसता लांबच लांब आकडा निघते, नाव-पत्ता दिसायला यूआयडीएआयचं, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेचं, रीडर लागते. कृषी केंद्राच्या बिलिंगला मात्र तोच स्कॅनर मस्त चालते.