सहा डीव्हीडी वाया गेल्या, सातवी घालू का?

प्रश्न : मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान आहे. २०११ चा विंडोज ७ वाला लॅपटॉप, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) सगळं त्यावरच. हार्डडिस्क कुरकुरायला लागली म्हणून रिकव्हरी डिस्क काढायला बसलो, चार डीव्हीडी मागतोय. पहिली झाली, पण दुसरी राईट होऊन व्हेरिफायला (लिहिलेलं बरोबर आलंय का तपासायला) गेली की ६०-६५ टक्क्याला एरर आणि डिस्क बाहेर. सहा कोऱ्या वाया गेल्या. दुकानदार म्हणतोय सोडा नाद, विंडोज १० टाका. काय करू?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : सातवी घालू नका. आधी टॅलीचा डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, हे पुढचं नंतर वाचा. रिकव्हरी डिस्कमध्ये तुमचा हिशोब येत नाही ओ, फक्त लॅपटॉप नवा होता तेव्हाचं विंडोज आणि ड्रायव्हर येतात, लोक इथंच फसतात.

आता एरर. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे ६० टक्के झाले की बाहेरच्या कडेकडं आलोय, आणि स्वस्तातल्या डिस्क बहुतेक तिथंच मार खातात. राईट करतानाच अडकून हार्डडिस्क कटकट वाजली असती तर मी बॅड सेक्टर (हार्डडिस्कवरची खराब झालेली जागा) म्हटलं असतं, तुमचं व्हेरिफायला अडतंय म्हणजे डीव्हीडी नाहीतर रायटरची लेन्स. ट्रे उघडा, मसुराएवढी लेन्स दिसेल, कोरड्या इअरबडनं हलकेच पुसा, दाबायचं नाही. गुळाच्या दुकानातली चिकट धूळ, दुसरं काय असणार तिथं! मग चांगल्या कंपनीची साधी डीव्हीडी-आर घ्या, आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येणारी) बरेच रिकव्हरी प्रोग्राम घेतच नाहीत. चार्जर लावूनच बसा, लाईट जायच्या वेळेला नको. तरी नाही झालं तर बाहेरून लावायचा यूएसबी रायटर कुणाचा तरी मागून बघा.

खरं सांगू का, हार्डडिस्क कुरकुरतेय तर डीव्हीडीच्या मागं लागण्यापेक्षा अडीच इंची साटा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, आत काही न फिरणारी चिपवाली डिस्क) घ्या आणि क्लोनझिला नावाच्या प्रोग्रामनं अख्खी हार्डडिस्क क्लोन करा म्हणजे हुबेहूब नक्कल काढा, लपलेलं रिकव्हरी पार्टिशनसुद्धा (रिकव्हरीसाठी राखलेला भाग) जसंच्या तसं येतं. फक्त एसएसडी जुन्या डिस्कपेक्षा लहान घेऊ नका. क्लोनझिला फुकट आहे. विंडोज १० चं म्हणाल तर त्याचा सपोर्टपण (कंपनीकडून येणारे सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि ७ चा तर जानेवारी २०२० लाच, त्यामुळं ह्या लॅपटॉपवर नेट बंद ठेवा आणि नुसती टॅली चालवा.

डिस्क निघाल्या की मार्करनं १, २, ३, ४ नंबर घाला. गुळाच्या रव्याला (ढेपेला) लावता तसली चिठ्ठी चिकटवू नका, फिरताना डिस्क हलते आणि परत तोच एरर.