भाषेचे प्रश्न : वाटणे आणि भ्रम होणे

प्रश्न : ‘दिंड्या दिवे घाट चढू लागल्या, तेव्हा नदीच डोंगर चढते आहे असे वाटले,’ असे वाक्य माझ्या मुलीने निबंधात लिहिले आणि त्यात उत्प्रेक्षा आहे असे वर्गात सांगितले. ‘वाटले म्हणजे भ्रम झाला, म्हणून हा भ्रांतिमान अलंकार,’ असे तिला सांगण्यात आले. बरोबर काय? (एक पालक, सासवड)

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. जणू, गमे, वाटे, भासे हे शब्द उत्प्रेक्षेच्या ओळखीच्या खुणा आहेत खऱ्या, पण केवळ शब्दावरून अलंकार ठरवू नये. बोलणाऱ्याच्या मनात काय चालले आहे ते पाहावे. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. उत्प्रेक्षेला पुढील आलंकारिकांनी, म्हणजे अलंकारांचा विचार करणाऱ्या पंडितांनी, स्वतंत्र स्थान दिले आणि त्यांपैकी मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या आपल्या ग्रंथात तिचे लक्षण सांगितले, ते असे की वर्ण्य वस्तू, म्हणजे जिचे वर्णन चालले आहे ती, ही तिच्यासारखी दुसरी वस्तूच असावी अशी संभावना करणे म्हणजे उत्प्रेक्षा. ही संभावना जाणूनबुजून केलेली असते. समोर वारकरी आहेत हे मुलीला पुरते ठाऊक आहे, आणि तरीही ती त्यांना नदी कल्पिते.

भ्रांतिमानात हे भान सुटलेले असते. ‘दिंडीला नदी समजून तहानलेले वासरू तिकडे धावले,’ असे लिहिले असते, तर वासराचा भ्रम खरा ठरून तो भ्रांतिमान झाला असता. ‘ही नदी की दिंडी?’ असा निर्णय न होणारा संशय असता, तर ससंदेह.

याच दृश्यातून ‘दिंडी नदीसारखी वाहत होती’ अशी उपमा होते आणि ‘भक्तीच्या नदीत आम्हीही उतरलो’ असे रूपकही होते. उलट, ‘पुण्याप्रमाणे सासवडलाही पाऊस पडला’ यात ‘प्रमाणे’ असूनही उपमा नाही, आणि ‘तो सारखा बोलतो’ यात तर ‘सारखा’चा अर्थच वेगळा. ‘मला वाटते, पाऊस येईल’ हा साधा अंदाज आहे.

मुलीच्या वाक्यातला खरा पुरावा मला ‘चढते’ या क्रियापदात दिसतो. नदी डोंगरावरून उतरते, ती चढत नाही. भ्रम झालेल्या माणसाला नदी वाहतानाच दिसली असती. तिला घाट चढायला लावले आहे ते मुलीच्या कल्पनेने.