हलगी आपली, आवाज दुसऱ्याचा

प्रश्न : ताई नमस्कार. मी तासगावजवळच्या एका गावातला, वय २२. मित्राच्या डॉल्बीवर असतो आणि घरी लॅपटॉपवर एफएल स्टुडिओत मिक्स बनवतो. एका जुन्या लावणीचा मूळ आवाज घेतला आणि खाली आमच्या चुलत्यांची हलगी टाकली. रात्री अंगणात पाचट पेटवून त्यांनी हलगी शेकली, मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. गणपतीत लय वाजलं. पण युट्युबवर टाकल्या टाकल्या कॉपीराइट क्लेम आला. गायिकेचं नाव दिलं होतं, पिच पण थोडा वाढवलेला. आणि आता दुसऱ्याच एकानं माझी हलगी कापून त्याच्या मिक्सला लावलीय. चूक माझी का त्याची?

उत्तर : दोघांचीही, पण तुझी हलगी गेली याचं मला जास्त वाईट वाटलं म्हणून सगळं नीट सांगते.

एका गाण्यात तीन मालमत्ता असतात बघ. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. तू मूळ आवाजच उचललास म्हणजे तिन्हीला हात लावलास, त्यामुळं परवानगी रेकॉर्ड कंपनीची पण लागते आणि शब्द-चालीच्या हक्कदारांची पण. नाव दिलं की चालतं, दहा सेकंद घेतले तर चालतं, पिच बदलला तर चालतं, असं डॉल्बीवाल्या पोरांच्यात सगळे बोलतात पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असलं काही नाही. क्लेम आला म्हणजे बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडं जातात आणि व्हिडिओ राहतो, स्ट्राइक आला तर मात्र व्हिडिओ जातो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनेलच बंद होऊ शकतं. तेव्हा तो व्हिडिओ आत्ताच काढ.

कायद्यात कव्हर व्हर्जनची सोय आहे, २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं कलम ३१ सी. पहिलं रेकॉर्डिंग होऊन पाच वर्षं झाली की आधी कळवून आणि रॉयल्टी आगाऊ भरून तेच गाणं नव्यानं रेकॉर्ड करता येतं. पण रॉयल्टी वर्षाला किमान ५० हजार प्रतींची धरतात आणि गाण्यात मनासारखे बदल करता येत नाहीत, म्हणजे रिमिक्सवाल्याच्या काही उपयोगाची नाही. माझ्या मते इथं कायदा कमी पडतो, गावातल्या पोराला परवडेल अशी सोपी वाट असायलाच पाहिजे होती.

तरी तुझ्याच जिल्ह्यात वाट आहे. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, १९४५ ला गेले. शब्दांवरचा हक्क कवी गेल्यावर पुढं ६० वर्षं राहतो, म्हणजे त्यांचे शब्द २००६ पासून सगळ्यांचे. गावातली एखादी चांगली गाणारी बाई बघ, तिच्याकडून गाऊन घे, खाली हलगी टाक, ते रेकॉर्डिंग तुझं आणि ६० वर्षं तुझं. फक्त चाल नंतरच्या कुठल्या संगीतकारानं बांधलेली नाही ना, ते तपास, कारण चालीचा हक्क वेगळा. आणि त्याच तालुक्यातले वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६९ ला गेले, म्हणून त्यांच्या छक्कडीला २०२९ संपेपर्यंत हक्कदारांची परवानगी लागतेच. एकाच तालुक्यातले दोन शाहीर, पण एकाला विचारायचं आणि एकाला नाही, हे डोक्यात पक्कं ठेव.

आता हलगी. तुझं रेकॉर्डिंग नोंदणी न करता पण तुझंच आहे, त्या माणसाला लेखी कळव आणि नाही ऐकलं तर युट्युबवर तक्रार टाक. मोबाईलवरची मूळ फाइल आणि एफएलचा प्रोजेक्ट तारखेसकट जपून ठेव, पुरावा तोच.

पण एक विचारते, चुलत्यांचं नाव कुठं आहे? तुझ्या पत्रात गायिकेचं आहे, त्यांचं नाही. वाजवणाऱ्याला कायद्यात कलाकाराचा हक्क आहे, ५० वर्षांचा, आणि धंद्यासाठी वापरलं तर रॉयल्टी पण. घरातलं माणूस म्हणून कुणी विचारत नाही, हलगीवाल्यांचं पिढ्यान् पिढ्या हेच झालंय, सुपारी घ्यायची, वाजवायचं आणि नाव दुसऱ्याचं. एका कागदावर लिही की या रेकॉर्डिंगच्या कमाईत त्यांचा इतका हिस्सा, दोघांच्या सह्या कर, आणि पुढच्या व्हिडिओत त्यांचं नाव पहिलं टाक.

प्रश्न : कराडला मुलीचं लग्न आहे. हॉलवाले म्हणतात गाणी लावायला लायसन काढा. खरंच लागतं का?

उत्तर : काका, लग्नाला नाही लागत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वरातीला आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे, जुलै २०२३ ला केंद्राच्या उद्योग खात्यानं जाहीर नोटीस काढून तेच परत सांगितलंय. हॉलवाल्यांना ती नोटीस दाखवा, तरी पैसे मागितले तर कशाचे ते लेखी द्यायला सांगा. आवाजाची मर्यादा आणि रात्री १० ची वेळ मात्र वेगळ्या नियमात येते, ती पाळावीच लागेल, तेवढं डॉल्बीवाल्याला आधी सांगून ठेवा.