वाचक विचारतात : भरती पाहून निघा

प्रश्न : रविवारी मुलाला घेऊन मांडवीच्या काठी गरवायला बसतो. आमिष खेकडेच खाऊन जातात, मासा लागत नाही. काय चुकते? (एक वाचक, पर्वरी)

उत्तर : बहुतेक वेळ चुकते, आणि आमिषाची जागाही. पाणी थांबले की तळाशी पडलेल्या सुंगटाकडे (कोळंबीकडे) मासा फिरकत नाही. खेकडा मात्र वासावर येतोच. भरती पूर्ण होण्याआधीचे दोन तास आणि सुकती (ओहोटी) लागल्यावरचा पहिला तास, एवढ्यात बसा. तिथीची पाऊणपट हा भरतीचा जुना हिशेब मुंबईकडचा. गोव्यात भरती त्याहून साधारण तासभर आधी येते, म्हणजे चतुर्थीला तीनऐवजी दोनच्या आसपास. हा अंदाज झाला, नक्की वेळ मुरगाव बंदराच्या तक्त्यात पाहा. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. पुनव-अवसेच्या उधाणात पाण्याला ओढ फार, हलके शिसे तळाला ठरत नाही. मुलाला शिकवायला अष्टमीच्या आसपासचे तीन-चार दिवस बरे.

०.४० मिलिमीटरची नायलॉन दोरी ३० मीटर पुरते. २५ ग्रॅमचे भोकाचे शिसे दोरीत ओवा, त्याखाली स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) बांधा आणि स्विव्हलला ४० सेंटिमीटरचा तुकडा जोडून गळ लावा. शिसे दोरीवर मोकळे सरकायला हवे. ते घट्ट बांधले तर आमिष ओढणाऱ्या माशाला वजन लागते आणि तो सोडून देतो. काळुंदरासाठी १० नंबरचा बारीक गळ, तांबशासाठी १/०. गळाच्या चार बोटे वर बुचाचा तुकडा ओवला की आमिष तळापासून उचललेले राहते आणि खेकड्यांचा त्रास बराच कमी होतो. सुंगट ताजेच हवे. डोके काढा, शेपटीकडून ओवा, गळाचे टोक किंचित बाहेर ठेवा. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा; कोरडी नायलॉन घासून तापते आणि मोठा मासा लागला की नेमकी तिथेच तुटते.

मुलगा बरोबर आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. शेंगाळे लागले तर त्याला हाताने धरू देऊ नका. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक, असे तीन विषारी काटे असतात. पकडीने गळ सोडवा, नाही सुटला तर दोरी कापा. काटा लागलाच तर हात सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने वेदना उतरते. पाणी किती गरम आहे ते आधी मोठ्या माणसाने न दुखावलेल्या हाताने पाहावे. काटा आत मोडला असेल किंवा सूज वाढत असेल तर लगेच इस्पितळ गाठा. तुटलेली दोरी काठावर टाकू नका, तिच्यात बगळ्यांचे पाय अडकतात.

प्रश्न : चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात दहा वाजता गेलो, पक्षी दिसले नाहीत. हंगाम चुकला का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम, पण हंगामात जाऊनही हात हलवत परतणारे पुष्कळ. उन्हे चढली की पक्षी सावली धरतात, आणि भरतीत चिखल बुडालेला असला तर तुतवारांना चरायला जागाच उरत नाही. चालत पाहायचे असेल तर पाणी उतरत असतानाची सकाळ निवडा. उघड्या पडत जाणाऱ्या चिखलावर निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारू लागतात, त्यांच्या मागोमाग खंड्या आणि बगळे येतात. होडीचे गणित उलटे: कांदळवनातल्या अरुंद खाड्यांत ती शिरायला भरतीचे पाणी लागते, ओहोटीत रुतते. दोन्ही हवे असेल तर सकाळी लवकर भरती येते असा दिवस निवडा. आधी होडी, मग पायवाट. रायबंदरहून पहिल्या फेरीबोटींपैकी एक धरा. ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी) दुर्बीण पुरे, याहून जास्त वाढीव दुर्बीण होडीत स्थिर राहत नाही.

प्रश्न : दिवाडीला सायकलने जायचे आहे. वाट सुचवाल? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी, बेट ओलांडून पलीकडच्या फेरीने डिचोलीतले नार्वे आणि तिथे सप्तकोटेश्वर. मूळ देऊळ दिवाडीवरच होते. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. जाताना ही दोन्ही ठिकाणे एका वाटेवर येतात, म्हणून हीच वाट सुचवतो. सकाळी निघा, खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतल्या) रस्त्याला सावली नाही आणि दुपारी समुद्रावरचा वारा परतताना तोंडावर येतो. मातीच्या बांधावर सायकल घालू नका. खेकड्यांच्या बिळांनी तो आधीच पोकळ झालेला असतो, आणि फुटला तर खारे पाणी शेतात शिरते. मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर) गळही टाकू नका, तिथल्या मासळीचा हक्क लिलावाने दिलेला असतो. घरी आल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल द्या. खारा चिखल राहिला तर दोन दिवसांत गंज धरतो.