लिव्हरपूल शहरातल्या लिव्हरपूल आणि एव्हर्टन या दोन फुटबॉल क्लबांच्या चाहत्यांमधलं वैर पूर्वीपेक्षा जास्त कडवट झालंय का?

हो, नक्कीच. 1984 च्या लीग कप फायनलला वेम्बलीवर दोन्हीकडचे चाहते शेजारी शेजारी बसले होते. सामना 0-0 सुटला आणि अख्खं स्टेडियम 'मर्सिसाइड, मर्सिसाइड' (दोघांच्या परिसराचं नाव) ओरडत होतं. एकाच घरात एक भाऊ लाल (लिव्हरपूल), दुसरा निळा (एव्हर्टन), हे तिथे नेहमीचंच.

वळण आलं 1985 मध्ये. युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या फायनलआधी, ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलचे चाहते इटलीच्या युव्हेंटसच्या चाहत्यांवर धावून गेले, भिंत कोसळली आणि 39 जण गेले. इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षं बंदी आली. त्या वर्षीचा लीग विजेता होता एव्हर्टन, क्लबच्या इतिहासातला बहुधा सर्वोत्तम संघ, आणि त्याची युरोपियन कपची संधी दुसऱ्यांच्या करणीने गेली. ही सल अजून गेलेली नाही. तरीही 1989 मध्ये हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते दगावले, त्या दुर्घटनेनंतर लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डपासून एव्हर्टनच्या तेव्हाच्या गुडिसन पार्क मैदानापर्यंत लाल-निळे स्कार्फ एकमेकांना बांधून माळ केली गेली, हे विसरून चालणार नाही.

माझ्या मते पुढे पैशाने दरी वाढवली. प्रीमियर लीगच्या काळात लिव्हरपूल युरोपात चषक जिंकत राहिला, एव्हर्टन मागे पडत गेला. बरोबरी असली की चिडवाचिडवी होते, ती संपली की खुन्नस उरते. त्यात सोशल मीडियावर चोवीस तास शिवीगाळ.

सगळ्यात किळसवाणं म्हणजे मृतांवरून टोमणे. हा रोग या दोन क्लबांपुरता नाही. 2023 च्या एफए कप फायनलला मँचेस्टर युनायटेडचा एक चाहता पाठीवर '97' आणि 'पुरेसे नाहीत' असं छापलेली जर्सी घालून आला होता. 97 म्हणजे हिल्सबरोचे बळी. कोर्टाने त्याला दंड केला आणि चार वर्षं सामन्यांना बंदी घातली.